केरीच्या देवळात आलेल्या डॉक्टरबाई

डॉ. कुमुदिनी सावईकर यांची आणि माझी पहिली भेट पाच मिनिटेही टिकली नाही. त्यांनी मला परत पाठवले. लग्नाला बरीच वर्षे झाली, मूल नाही, म्हणून पेडण्याच्या पार टोकाच्या केरीहून बसगाड्या बदलत मी डिचोलीला त्यांच्या दवाखान्यात एकटीच पोहोचले होते. बाईंनी माझ्या मागे दाराकडे पाहिले आणि विचारले, "घोव खंय?" यजमान कामावर आहेत, म्हटले. "मागीर ताका सुटी मेळटकच दोगांय येयात. एकलेच बायलेक हांव ह्या कामाक तपासना." नवरा सोबत असल्याशिवाय त्या तपासणार नव्हत्या. मी हायस्कुलात मराठी शिकवत असे, कोणी असे परत पाठवायची मला सवय नव्हती. जिना उतरताना मी रागाने जे काही पुटपुटले ते वर ऐकू गेले असावे. पुढे कितीतरी महिने निघताना बाई हसून म्हणत, "जिन्यांत सांबाळून गो बाय, थंय आवाज घुमता."

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिणाऱ्या बहुतेकांच्या घरी त्यांच्या हातून आलेले मूल आहे. लेखासोबत अपत्याचा फोटो पाठवावा, असे गौरव समितीने कळवले आहे. आमच्याकडे तसा फोटो नाही. बाईंचे उपचार आम्हाला फळले नाहीत. तरी लिहिते आहे, कारण बाईंचे जे काम मला ठाऊक आहे ते या ग्रंथात दुसरे कोणी लिहिणार नाही.

बाईंची कामाची रीत ठरलेली होती. टेबलासमोर दोन खुर्च्या, आणि दोन्ही भरल्याशिवाय त्या बोलायला सुरुवात करत नसत. तपासणीचा निकाल एकट्याला सांगायचा नाही, सासूला नाही, फोनवर तर नाहीच. माझे यजमान यशवंत डिचोलीजवळच्या खाणीच्या ऑफिसात होते. ते येईपर्यंत निकालाचा कागद बाईंच्या हाताखाली पालथा पडलेला असे आणि मी त्याच्याकडे बघत बसलेली असे. दोष आमच्या दोघांपैकी एकात निघाला. कोणात, ते बाईंनी आम्हा दोघांना एकदमच सांगितले आणि नंतर कधी कोणाजवळ त्याचा उच्चार केला नाही. म्हणून मीही तो इथे करत नाही.

मग टेस्ट ट्यूबचे उपचार सुरू झाले. मुख्य काम पणजीला व्हायचे, पण तपासण्या आणि इंजेक्शने बाईंकडे. पहाटेच्या बसने उपाशीपोटी निघायचे, रक्त द्यायचे, आणि बहुतेक वेळा वाईट बातमी ऐकायची. बाईंचे घर दवाखान्याच्या वरच होते. त्या स्वतः खाली येऊन आमच्यापुढे गरम उंडे पाव आणि पातळभाजी ठेवत. एकदा मी हुंदके देत ताट बाजूला सारले, तेव्हा म्हणाल्या, "रित्या पोटार रडूं नये, बाय. पयलीं खा, मागीर हांवूय रडटां तुजेवांगडा." मी खाल्ले. त्या खरोखरच शेजारी बसून राहिल्या, आणि बाहेर ताटकळलेल्या बायकांनी आत डोकावले तरी उठल्या नाहीत.

रोजची इंजेक्शने घरी घ्यायची होती. ती यशवंतांनी द्यायची, असा बाईंचा हुकूम. हिशेबात चोख असलेला हा माणूस सुई पाहून घामाघूम होई. बाईंनी त्यांना मोसंब्यावर सुई टोचायला शिकवले आणि ते मोसंबे सोलून त्यांनाच खायला लावले. त्या काळात हसल्याचा तेवढाच एक प्रसंग मला आठवतो.

आता सासूबाईंविषयी सांगायला हवे. आमच्याकडे मोठी गोष्ट देवाला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव देवाच्या मूर्तीला पाकळ्या लावतो, गाऱ्हाणे घालतो, आणि उजवीकडची पाकळी पडली की देवाचा होकार. यालाच आम्ही प्रसाद लावणे म्हणतो. उपचार सुरू करण्याआधी सासूबाईंनी प्रसाद लावला होता आणि देवाने उजवी दिली होती. त्या दिवसापासून ती इंजेक्शने त्यांच्या लेखी देवाचे औषध झाली. फ्रिजचा वरचा कप्पा त्यांनी धुऊन पुसून रिकामा केला आणि बांगडे, सुंगटे सगळी खालच्या कप्प्यात गेली. मासळीवर जीव असलेल्या त्या बाईने त्या औषधाशेजारी कधी माशाचा डबा ठेवू दिला नाही.

पहिल्या खेपेस काही झाले नाही. दुसऱ्या खेपेस दिवस राहिले. सासूबाईंनी शेजारणींना सांगून टाकले, फुलां माळायच्या कार्यक्रमाला, म्हणजे डोहाळजेवणाला, कोणाला बोलवायचे तेही ठरवले. तिसऱ्या महिन्यात सगळे संपले. त्या दुपारी यशवंत माझ्या खाटेशी खिडकीकडे तोंड करून बसून होते, आणि मी भिंतीकडे वळून पडले होते. पुढचे काही महिने तसेच गेले. एकाच घरात आम्ही दोन भाडेकरूंसारखे वावरत होतो.

पुन्हा उपचार करू, असे म्हणत आम्ही बाईंकडे गेलो. बाई म्हणाल्या, "आनीक एक फावट करूं येता. दुसरे दोतोर करतलेय. हांव मात करची ना." दुसरे करतील तर तुम्ही का नाही, असे यशवंतांनी विचारले. "भितर येतना तुमी एकामेकांक पळयलेंय ना. हांवें तुमकां दोगांक आपयल्लें. दोगांक घरा धाडपाक जाय." आत येताना आम्ही एकमेकांकडे पाहिलेही नव्हते, हे त्यांनी हेरले होते; बोलावले दोघांना, तसे घरीही दोघांनाच पाठवायचे होते त्यांना. मी रडले, भांडले, बाईंना नको ते बोलले. त्यांनी ऐकून घेतले आणि त्या आपल्या निर्णयावर ठाम राहिल्या. मूल होणार नाही हे त्या दिवशी मला कळले. ते दुःख आजही गेलेले नाही, आणि जाईल असे मी कोणाला सांगणारही नाही.

निघताना मी त्यांना घरातली गोष्ट सांगितली. सासूबाईंचे एकच म्हणणे होते, "देवान उजवी दिललेली. देव चुकना नाय. मगे चुकला कोण?" येत्या रविवारी त्या पुन्हा प्रसाद लावणार होत्या: दोष सुनेचा असेल तर उजवी दे. सावंतवाडीकडचे एक स्थळ यशवंतांसाठी कोणीतरी सुचवून ठेवले होते. यशवंत आईशी भांडत होते, पण देवाने कौल दिल्यावर त्या घरात मी कशी राहणार होते? बाईंनी फक्त रविवारची वेळ विचारली, "आयतारा कितल्या वरांचेर?"

रविवारी सकाळी आम्ही देवळात पोहोचलो तर बाई आधीच येऊन सभामंडपात बसल्या होत्या. साधी सुती साडी, हातात नारळ. त्यांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता हे मला ठाऊक होते. त्या उठून सासूबाईंपाशी आल्या. "मावशे, देवाक विचारपाचें आसा जाल्यार म्हजेविशीं विचार. वखद हांवें दिलें, दीस हांवें थारायले. चूक म्हजी आसूं येता. ह्या भुरग्यांक कित्याक मदीं हाडटा?" औषध आपले, तेव्हा चूकही आपली असेल, या पोरांना मध्ये का आणता, हे ऐकून सासूबाई गोंधळल्या. एवढी शिकलेली डॉक्टरीण देवापुढे स्वतःहून उभी राहते, याला नाही कसे म्हणायचे? त्यांनी गुरवाला खूण केली.

गुरवाने गाऱ्हाणे घातले. "ह्या घराक तू आशीर्वाद दिललंस, तो फळाक येवूक नाय. चूक डॉक्टरणीच्या हातची आसात तर उजवी दी रे म्हाराजा!" गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचे असते. बाईंच्या चुकीला मला 'व्हय' म्हणवेना. यशवंत खाली मान घालून उभे होते. सगळ्यांत आधी आवाज आला तो बाईंचा. "व्हय म्हाराजा!"

उजवी पाकळी पडली.

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि माझा हात धरला. "चल गो, घराक चल." सावंतवाडीच्या स्थळाचे नाव पुन्हा निघाले नाही. बाईंनी नारळ ठेवला, नमस्कार केला आणि बसची वाट पाहत रस्त्यावर उभ्या राहिल्या.

त्याची किंमत बाईंनी मोजली. डिचोलीच्या डॉक्टरणीचा हात बरा नाही, देवानेच सांगितले, असे आमच्या बाजूला बोलले जाऊ लागले आणि आमच्या गावच्या बायका कितीतरी वर्षे त्यांच्या दवाखान्याची पायरी चढल्या नाहीत. आम्ही दोघे खुलासा करायला निघालो तेव्हा बाईंनीच अडवले. "कितें सांगतलीं? देव चुकलो म्हण?" आणि हसल्या. त्यांनी उपचारांत कसलीही चूक केली नव्हती, हे मी आज या ग्रंथाच्या निमित्ताने स्पष्ट लिहून ठेवते.

सासूबाई आता नाहीत. शेवटच्या दुखण्यात मी त्यांना पेज भरवत असताना एकदा त्या आपणहून म्हणाल्या, "ती डॉक्टरीण कित्याक इली ता माका तेवाच कळला होता गो. पन माकाव ताच उत्तर होया होता." सासूबाईंनाही तेच उत्तर हवे होते, हे मी बाईंना सांगितले तेव्हा त्यांना पहिल्यांदाच डोळे पुसताना पाहिले.

फोटो मात्र आम्ही पाठवत आहोत. आमच्या अंगणात काढलेला, यशवंत आणि मी, दोन खुर्च्यांवर. समितीने तो छापावा, ही विनंती.

हा लेख लिहायला घेण्यापूर्वी आम्ही दोघे त्याच देवळात गेलो. जुन्या गुरवाचा मुलगा आता गुरवपण करतो. "प्रसाद लावूचो?" त्याने विचारले. यशवंत म्हणाले, "नाको. विचारूचा कायएक नाय. मागूचा आसा." मग त्याने गाऱ्हाणे घातले. डिचोलीच्या डॉक्टरणीक उदंड आयुष्य दी, हातापायांत बळ दी, दुखण्याक तिच्या दारात येवूक दिव नको रे म्हाराजा!

देवळात त्या वेळी दुसरे कोणी नव्हते. आम्ही दोघेच म्हणालो, मोठ्याने म्हणालो, "व्हय म्हाराजा!"