संपदाच्या रिटर्नमधली चूक

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही. त्याला त्या दिवसाची फक्त माझ्या विजयाची गोष्ट माहीत आहे, आणि ती तो माझ्यापेक्षाही रंगवून सांगतो.

लॉकडाउनमधली गोष्ट. सिडनीतल्या पॅरामॅटाचं ऑफिस बंद, त्यामुळे विमा कंपन्यांच्या एका समूहाचं टॅक्सचं काम मी घरच्या डायनिंग टेबलावर करत होते. संपदा माझ्या जोडीला. पुण्याची, माझ्याहून बरीच लहान, मला ताई म्हणणारी. दोघी काँट्रॅक्टवर, आणि पुढे एकीलाच ठेवणार हे आम्हाला सांगून झालं होतं. तिचा व्हिसा या नोकरीवर होता. मी केव्हाच सिटिझन झाले होते. मग मला काय कमी होतं?

समूहातल्या सगळ्या कंपन्यांचं रिटर्न एकच भरतात. कायद्याच्या लेखी त्या सगळ्या मिळून एक. एका कंपनीने समूहातल्याच दुसऱ्या कंपनीकडे विमा उतरवला, तर तो हप्ता दोन्हीकडून वगळायचा. संपदाने तो उत्पन्नातून वगळला, खर्चात तसाच ठेवला. टॅक्स कमी दिसत होता — दंड बसावा अशी चूक.

बॉसकडे जायच्या आधी तिने फाइल मला गुपचूप पाठवली होती. "ताई, एकदा नजर टाक ना. रिव्ह्यूमध्ये काही निघालं तर रेकॉर्डवर राहतं. तू बघितलंस की मला टेन्शन नाही." आपल्या लोकांत हे चालतंच, नाही का? वर्षानुवर्षं मी अशा कितीजणांच्या चुका गुपचूप काढून दिल्या होत्या.

मी बघितलं. दहा मिनिटांत चूक सापडली. आणि — हेच ते — मी तिला लिहिलं, सगळं बरोबर आहे, पाठवून दे.

आठवडाभर गप्प बसले. मग सगळ्यांसमोरचा व्हिडिओ कॉल. संपदाने स्क्रीनवर रिटर्न उघडलं, मी म्यूट काढला. काय बोलले मी त्या दिवशी. शांत आवाज, आकडे तोंडपाठ. असणारच, आठवडाभर घोकत होते. बॉस म्हणाला, "ब्रिलियंट कॅच, मेट." सगळ्या चौकटींतून टाळ्या. संपदाच्याही.

संध्याकाळी तिचा फोन आला. "सॉरी ताई, तुला घाईत बघायला लावलं मी. पण वेळेत पकडलंस गं, नाहीतर पार वाट लागली असती."

"अगं, होतं असं," मी म्हणाले.

नोकरी मला मिळाली, टीमही पुढे माझीच झाली. संपदा मिळेल त्या विमानाने पुण्याला परत गेली.

त्या संध्याकाळी फोन ठेवला आणि मी गाणं गुणगुणत कांदा चिरायला घेतला. मला वाईट वाटलं नव्हतं. मी जिंकले होते, आणि आज हे लिहितानासुद्धा मला जिंकल्याचा आनंदच होतो आहे.