दहा खुर्च्या आणि वाचक

कॉमिकचं मासिक चालवणाऱ्या माणसाला घरात संपादक कोण म्हणणार? बायको ‘अहो’ म्हणायची आणि मेहुणा ‘चित्रवाले’. यांना तर साधी मांजर काढता येत नव्हती. हे फक्त गोष्ट लिहायचे आणि चित्रकारानं काढलेल्या फुग्यांत संवाद भरायचे. अशी तीस वर्षं गेली.

पहिल्या अंकानंतर वाचकाचं एक पत्र येईल तर शपथ. पत्रांचं पान रिकामं कसं ठेवायचं? म्हणून यांनीच तीन पत्रं लिहिली. त्यातलं एक होतं कुणा निवृत्त मास्तरांच्या नावानं. पुढे खरी पत्रं आली आणि आटलीसुद्धा. मास्तर मात्र नेमानं लिहीत राहिले. इतके खवट, की त्यांना उत्तर देताना संपादकांचं डोकं खरंच तापायचं.

एके दिवशी मासिकाचे मालक जिना चढून कचेरीत आले.

“मासिक बंद करावं म्हणतोय. पण तुमचे वाचक भलतेच जीव लावणारे दिसतात. शनिवारी दुपारी दहाजण बोलवा. त्यांच्याशी बोलतो, मग ठरवू.”

“मास्तरांना तर बोलवाच!” चित्रकार खूश झाला. “त्यांनी झोडपलं म्हणून मी घोड्यांचे पाय नीट काढायला लागलो. एकदा वाकून नमस्कार करीन म्हणतो.”



चार दिवस संपादक शाळेच्या फाटकापाशी, वाचनालयात अंक वाटत फिरले. जुन्या वर्गणीदारांना फोन केले. “अरे वा, अजून निघतं?” एवढंच सगळे म्हणाले.

“मी बसते एका खुर्चीवर,” बायको म्हणाली.

“तू वाचलंयस कधी?”

“नाही. पण तुमच्यासाठी खोटं बोलेन.”

ते ऐकून यांनाच रडू फुटलं. शनिवारी ते एकटेच गेले.

मालक आले, रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत उभे राहिले. “उशीर होतोय का त्यांना?”

“ते येणार नाहीत. सगळी पत्रं मीच लिहितो.”

“सगळी? मास्तरसुद्धा?”

“मास्तरसुद्धा.”

मालक चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच “पुढचा अंक शेवटचा काढा” म्हणाले आणि कठडा धरून उतरून गेले.

खुर्च्या भाड्यानं आणलेल्या. पाचच्या आत परत द्यायच्या होत्या. संपादक एकेक घडी घालू लागले. मास्तरांना नमस्कार करायला आलेल्या चित्रकारानं खिडकीशी उभं राहून सगळं ऐकलं होतं. मग त्यानं चार खुर्च्या काखोटीला मारल्या आणि यांच्याकडे न बघता जिना उतरायला लागला.