मशीनची खोड

कोणतंही यंत्र समोर आलं की आम्ही सारे मॅन्युअल उघडायचो. प्रणाली मात्र ते यंत्र रोज पुसणाऱ्या बाईला शोधून काढायची आणि विचारायची, "मावशी, ह्याची खोड काय हाय?"

बायोमेडिकल इंजिनीअरिंगची चार वर्षं आम्ही एका बाकावर काढली. ती मांडवगण फराट्याची, मी दौंडची. मार्कांत वर्गात पहिली मी, पण ईसीजीचं मशीन नखरे करू लागलं की सर हाक मारायचे तिला. माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू? "म्हैस आन् मशीन सारखंच," ती म्हणायची, "धार काढणाऱ्यालाच तिची लाथ ठाऊक!" सगळे हसायचे. मलाही हसू यायचं आणि त्याचाच जास्त राग यायचा.

शेवटच्या वर्षी दवाखान्यांची उपकरणं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीनं जागा काढली. एकच. निवडीत उरलो आम्ही दोघी. परीक्षा दौंडच्याच एका दवाखान्यात होती. नवजात बाळांना ऊब देणारा वॉर्मर मधूनच बंद पडायचा, तो दुरुस्त करायचा. प्रत्येकीला अर्धा तास. आधी माझा नंबर होता.

कंपनीचे साहेब दाराबाहेर फोनवर होते. मी मीटर काढला. फडकं घेऊन उभी असलेली मावशी म्हणाली, "ताई, त्ये जवा सरकवतो ना, तवाच..."

"मावशी, जरा बाजूला व्हा," मी म्हणाले. प्रणालीची नक्कल करून मला ती नोकरी नको होती. सेन्सर, हीटर, फ्यूज, सगळं तपासलं. सगळं ठीक निघालं आणि वेळ संपली.

प्रणाली दहा मिनिटांत बाहेर आली. फरशी पुसायला वॉर्मर सरकवला की मागची वायर ताणली जायची, ती आतून तुटत आली होती. जागा तिला मिळाली. मी तोंडभरून अभिनंदन केलं आणि घरी येऊन सांगितलं, "नशीब काढलं पोरीनं."

नोकरीच्या गावी निघाली तेव्हा दौंड स्टेशनवर मी तिला सोडायला गेले. तिथं मात्र राहवलं नाही. "मावशी आधी मला सांगत होत्या गं. मीच ऐकलं नाही."

"ठाऊक हाय. त्याच म्हणल्या मला."

"साहेबांना बोललीस?"

"त्यांनी इचारलं व्हतं, तिला का न्हाई सापडलं म्हणून. मी म्हणलं, तिच्या वेळंला वायर हलली नसंल." तिनं बॅग उचलली. "आन् आता तूबी कुणाला सांगत बसू नको."

मलाही पुढे नोकरी लागली. तिच्या नोकरीचा हेवा वर्षभरात विरला. पण त्या दिवशी फलाटावर तिचा जो हेवा वाटला, तो काही केल्या जात नाही.