फुईचं मत

अमेरिकेबद्दल बोलताना फुईचे डोळे अर्धे मिटायचे आणि आवाज दुरून आल्यासारखा वाटायचा. दिवेलागणीला ओसरीच्या खांबाला टेकून ती सांगायची, तिथे मक्याची शेतं आभाळाला भिडलेली असतात, त्यांवर धुकं उतरलं की घरं होड्यांसारखी तरंगतात. फुई म्हणजे आत्या. ती आमच्या शेजारच्या दगडूची आत्या, पण सगळं रनाळं गाव तिला फुईच म्हणे. तरुणपणी नवरा गेला, तेव्हा एका मिशनरी कुटुंबाची मुलं सांभाळायला ती बोटीनं त्यांच्या देशी गेली होती. मी गावात सून म्हणून आले तोवर ती परत येऊन दगडूकडे राहत होती.

तिथल्या बर्फापेक्षा तिला तिथली निवडणूक जास्त आठवायची. मत मागणारा कितीही मोठा असो, शेतकऱ्याच्या गोठ्यात यायचा, आपणही शेतावरच वाढलो म्हणायचा. लोक हसून ऐकून घेत. तो गेला की त्याच्या गावच्या माणसांना विचारत, शेजाऱ्याचं कोठार जळालं तेव्हा हा मदतीला धावला होता का?

"राजधानीमा काय बोलस ते मांगेथीन," फुई म्हणायची. "आधी गावमा कसा ऱ्हास, ते देखेत."

मग दगडू लोकल बोर्डाच्या निवडणुकीला उभा राहिला. नवऱ्याची जमीन नावावर असल्यानं फुईलाही मत होतं. चावडीसमोर सगळे जमले होते. दगडू कौतुकानं म्हणाला, "फुई, सांग लोकेस्ले, मी कसा शे ते."

फुई उठली. "दगडू, उन्हायामा भिलाटीले आग लागनी, तवय तू कोठे व्हता? तुन्ही विहीर जोडे, हाकेवर शे. मोट का जुपी नही?"

सगळ्यांच्या माना गावाबाहेरच्या त्या भिल्लवस्तीकडे वळल्या. दगडूचा चेहरा काळवंडला. "तू मन्हा घरना घास खास ना?"

"खास. म्हनीसनच सांगस. तुले मन्हं मत नही."

दगडू निवडणुकीत पडला. फुई आपली वळकटी घेऊन आमच्या ओसरीवर राहायला आली. हिवाळाभर दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. तो समोरून गेला की ती मात्र तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहायची.

उन्हाळ्यात ती तापानं अंथरुणाला खिळली. त्याच सुमारास भिलाटीचं पाणी आटलं. एका पहाटे मी शेतात गेले, तर दगडू एकटाच मोट हाकत होता आणि पाणी नव्या पाटानं भिलाटीकडे चाललं होतं. धावत येऊन मी फुईला सांगितलं.

तिनं डोळे न उघडताच विचारलं, "लोके देखी ऱ्हायनात का?"

"कोनीच नही, फुई."

तिनं डोळे उघडले. मग तिनं माझा हात धरला.

"मंग त्याले सांग," ती म्हणाली, "माले घर लई जाय."