वाकलेल्या पिना

"नॉट हर," हेडसर म्हणाले आणि लॅपटॉप माझ्या हातांखालून ओढून घेतला. मग दुकानाचे मालक सुरेशभाऊ यांच्याकडे वळले. इंग्रजीतच म्हणाले, हिची आई आमचे वर्ग झाडायची.

झाडायची. खरं आहे. पोलादपूरहून पहिल्या एसटीने महाडला येऊन झाडायची, म्हणून त्या इंग्रजी शाळेत मला अर्ध्या फीत घेतलं. दहा वर्षं शेवटच्या बाकावर बसले. सरांचं इंग्रजी मला कळतं, हे सरांना पक्कं माहीत होतं.

भाऊ हसले. "नाय सर, मीच करतो. ती नुसती मदतीला हाय."

दोन वर्षं दुकानात आलेला प्रत्येक लॅपटॉप मी उघडला होता. मागे, प्लायच्या आडोशाला बसून. गिऱ्हाईकाला सांगायचं, भाऊंनी केलं. मी कधी काही बोलले नव्हते. बोलणं मला जमत नाही.

सरांचा लॅपटॉप जुना, संथ झालेला. मुलाने मुंबईहून जास्त वेगाचा प्रोसेसर पाठवला होता. तो बसवायचा होता.

भाऊंनी कीबोर्ड काढला. पंखा काढला. जुना प्रोसेसर उचलला. आणि नकळत बाजूचा स्क्रू परत फिरवला. तो स्क्रू फिरवला की प्रोसेसरच्या पिना जातात ती खालची भोकं आवळली जातात. मग नवा प्रोसेसर आत जात नाही.

"भाऊ, स्क्रू बंद झालाय," मी म्हणाले.

"तुला कुणी विचारलं?" सर म्हणाले. आता मराठीत.

भाऊंनी अंगठ्याने दाबलं. बारीकसा कर्र आवाज झाला. उचलून पाहिलं तर कोपऱ्यातल्या तीन पिना आडव्या.

भाऊंनी सरांकडे पाठ केली. माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "आत ने गो. सरळ कर. मी केलं म्हणून सांगतो."

मी प्रोसेसर टेबलावरच ठेवला.

"इथेच करीन. सरांसमोर."

"येडी झालीस काय?"

"मग तुम्ही करा."

सरांनी वाकलेल्या पिनांकडे एकदा पाहिलं. मग रस्त्याकडे बघत बसले.

मी भिंग घेतलं, शिवणाची सुई घेतली. घाई केली तर पीन तुटते. एकेक, केसाएवढी सरकवत उभी केली. स्क्रू उघडला. प्रोसेसर ठेवला. न दाबता आत बसला. स्क्रू बंद केला, उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावली, पंखा, कीबोर्ड. बटण दाबलं.

स्क्रीन उजळली.

"थँक यू, सुरेश," सर म्हणाले.

त्या क्षणी माझ्या आत काहीतरी थंड झालं. राग नव्हता तो.

दुरुस्तीच्या चिठ्ठीवर खाली काम करणाऱ्याचं नाव असतं. तिथे भाऊ सही करायचे. मी चिठ्ठी पुढे ओढली आणि लिहिलं. माझं नाव, आईचं नाव, आडनाव. मोठ्या अक्षरांत. आणि सरांच्या हातात दिली.

सरांनी वाचलं. चिठ्ठी काउंटरवर टाकली, लॅपटॉप काखेत मारला, निघून गेले.

"गिऱ्हाईक घालवलंस," भाऊ म्हणाले.

"घालवलं."

आडोशातली माझी हत्यारं उचलून मी पुढच्या टेबलावर मांडली. भाऊंना हे चालणार नसेल तर त्यांनी दुसरी बघावी, मी दुसरं दुकान बघीन. ज्याला माझं नाव वाचायला नको वाटतं, त्याचं काम मी करणार नाही.