वच्छलेचं रक्त, शांताचं रक्त

मलकापूरला मेल थांबली तेव्हा नुकतंच उजाडलं होतं, तरी फलाटाची फरशी कालच्या उन्हाने अजून कोमट होती. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत काचेच्या रिकाम्या नळ्या होत्या. संध्याकाळच्या गाडीने त्या भरून मुंबईला न्यायच्या होत्या.

मी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होते. वडनेर भोलजीची वच्छला ही तरुण शिक्षिका आमच्याकडे दाखल होती. तिच्या हाडांतला मगज (अस्थिमज्जा) सुकला होता. नवं रक्त तयारच होत नव्हतं. दुसऱ्याचा मगज देऊन माणूस वाचवायचा उपचार आपल्याकडे तेव्हा अगदी नवा. त्यासाठी दोघांच्या पांढऱ्या पेशींवरच्या खुणा जुळाव्या लागत. त्या निम्म्या आईकडून येतात, निम्म्या वडिलांकडून, म्हणून आधी सख्खी भावंडं पाहायची. प्रत्येकाची जुळण्याची शक्यता चारांत एक. वच्छलेला भावंडं दोनच. जुळा भाऊ देवराव पाय मोडून पडलेला, धाकटी शांता धामणगाव बढ्याला सासरी, नुकतीच बाळंत झालेली. म्हणून मीच निघाले.

वडनेरला देवराव ओसरीत बाजेवर बसला होता. त्याला पाहून मी चपापले. वच्छलेचंच नाक, हसताना गालाला पडणारी तीच खळी.

“माह्यंच जुळन, बाई,” तो म्हणाला. “आमी एकाच पोटात संगं वाढलो. शांताकडे कायले जाता एवढ्या उन्हात?”

“जुळे असलात तरी तुमची शक्यता शांताएवढीच, देवराव.”

त्याला ते मुळीच पटलं नाही. त्याने बाही वर केली. “पायजे तेवढं घ्या.”

त्याच्या बायकोने कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाच्या पिठाची), ठेचा आणि ताक पुढे केलं. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं, तरी मी दुसरी भाकर मागून घेतली.

मलकापूरला परतून धामणगावची एस.टी. धरली. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं, दूरवर अजिंठ्याच्या डोंगरांची धुरकट रांग. शांता ठेंगणी, सावळी, अबोल निघाली. वच्छलेशी तिचं काही म्हणजे काही साम्य नव्हतं. दारात सासू उभी होती.

“रगत काढलं तं सुनेचं दूध आटन. लेकराले काय पाजू?”

“नळीभर रक्ताने दूध आटत नाही, आजी. पण जुळलं तर हिला मुंबईला यावं लागेल.”

“अन् नाई आली तं?”

“तर वच्छला बहुधा वाचणार नाही.”

म्हातारीने शांताच्या मांडीवरचं बाळ उचलून स्वतःकडे घेतलं. “दे वं हात,” ती म्हणाली.

परतताना एस.टी. बंद पडली. पिशवीत काय आहे ते कळल्यावर एकजण गोळेवाल्याकडून बर्फ आणायला धावला. मी त्याला थांबवलं. “बर्फ नको. यातल्या पेशी जिवंत आहेत. गारठल्या तर मरतील, उन्हातही मरतील.”

“जित्त्या हायेत?” असं म्हणत सगळे पिशवीभोवती गोळा झाले. कुणी ती निंबाखाली सावलीत ठेवली, कुणी आपला दुपट्टा भिजवून तिच्यावर धरला. कंडक्टरने एक मालट्रक थांबवला आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसून मी कशीबशी मेल गाठली.

मुंबईत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. थेंबाथेंबाला वेगवेगळा रक्तद्रव घालतात. ज्या थेंबात खूण ओळखली जाते तिथल्या पेशी मरून काळवंडतात, बाकीच्या चमकत राहतात. देवरावचे थेंब वच्छलेशी जुळले नाहीत. मग शांताचे पाहिले. जिथे वच्छलेचा थेंब काळा, तिथे तिचाही काळा. जिथे उजळ, तिथे उजळ. पुढे दोघींच्या पेशी काही दिवस एकत्र ठेवल्या. त्या एकमेकींवर उठल्या नाहीत; शांताचा मगज जुळला होता.

बाळाला आणि सासूला घेऊन शांता आली. कुबडी टेकत देवरावही आला. शांताच्या कमरेच्या हाडातून मगज काढत होते तेव्हा तो बाहेर तिचं बाळ मांडीवर घेऊन बसला होता.

“माह्यं काऊन नाई जुळलं, बाई?”

“आई-वडिलांकडून कुणाला काय मिळालं ते चेहऱ्यावरून कळत नाही, देवराव.”

तो बाळाला थोपटत राहिला.

शांताचा मगज वच्छलेला दिला. नंतरचे आठवडे कठीण गेले. तिला ताप आला, तोंड सोलवटलं. मग एका सकाळी वच्छलेच्या रक्तात नव्या पेशी दिसल्या.

त्या एका दिवसाच्या प्रवासाएवढं लांब मी पुढे कधीच गेले नाही असं आजही वाटतं. माणसाच्या आत काय काय दडलेलं असतं, ते मी तेव्हा पाहिलं.

काही महिन्यांनी वच्छला तपासणीला आली. आजारी पडली तेव्हा तिचा रक्तगट बी होता. आता रक्त शांताच्या मगजातून बनत होतं, म्हणून तो शांताचा, ओ झाला होता. असं होणार हे मला माहीत होतं, तरी खात्रीसाठी मी पुन्हा तपासलं आणि तिला सांगितलं. ती कितीतरी वेळ आपल्या मनगटाकडे बघत बसली.

“शांता लहानी होती तवा मी तिले कडेवर घेऊन फिरे,” ती म्हणाली. “आता तिनं मले घेतलं.”