ब्राझीलची उंडी

आमच्या गावच्या वनस्पती उद्यानाचा इतिहास दारातल्या दगडावर कोरलेला आहे. उद्घाटनासाठी मांडव्याला बोटीतून उतरलेले पाहुणे त्यात आहेत, तेव्हाचे नगराध्यक्ष आहेत, फीत धरून उभे राहिलेलेही आहेत. झाडं कुणी दिली, खड्डे कुणी खणले, एवढंच दगडात मावलं नाही. झाडं मी दिली. खड्डेही मीच खणले. वीस-बावीस वर्षं झाली, अजून मी त्या दगडाकडे न बघताच आत जातो.

तेव्हा माझी रोपवाटिका म्हणजे रस्त्याकडेला एक ताडपत्री आणि तिच्याखाली शंभरेक पिशव्या. उद्यानाचं काम बघायला घाटावरून बदलून आलेले एक साहेब होते. त्यांना यादीत एक दुर्मिळ परदेशी झाड हवं होतं आणि भाव जास्वंदीचा हवा होता. दोन दिवस घासाघीस झाली. शेवटी ते म्हणाले, "अहो, झाडच ना? मातीतूनच येतं."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "येतं साहेब. उद्या सकाळी पोचतं करतो."

घरी जाऊन वाडीच्या कुंपणातली छातीएवढी उंडी मुळाच्या मातीसकट काढली. उंडी आमच्याकडे खाडीच्या काठाला आपोआप उगवते. तिच्या बियांचं तेल पूर्वी दिव्यात जायचं, आता दुखऱ्या गुडघ्यांवर जातं. साहेबांनी चकचकीत पानावरून बोट फिरवलं.

"कुठलं?"

"ब्राझील."

त्यांनी तशी पाटी करून घेतली. शास्त्रीय नावाची जागा रिकामी ठेवली, ती पुढे कुणीच भरली नाही.

झाड जोमात वाढलं. खारा वारा त्याला काही नवीन नव्हता. शाळांच्या सहली त्याच्या सावलीत डबे खायच्या आणि शिक्षक त्या झाडाचा सातासमुद्रापलीकडचा प्रवास सांगायचे. एकदा कोळीवाड्यातली एक म्हातारी खाली पडलेल्या बिया ओच्यात भरत म्हणाली, "ही तं आमची उंडी हाय!"

माळ्याने तिला पाटी वाचून दाखवली. "ब्राझीलची आहे, आजी."

"मंग तिथंबी गुडघं दुखत असतील," म्हणून ती बिया घेऊन चालती झाली. मी चार पावलांवर होतो. पाटीकडे पाठ करून निघालो.

गेल्या वर्षी नवीन अधिकारी बाई आल्या. ठराव झाला की परदेशी झाडं काढायची आणि देशी लावायची. आता माझी तीन शेडनेट आहेत, स्वतःचा टेम्पो आहे, त्यामुळे रोपांसाठी मलाच बोलावणं आलं. यादीत पहिलंच नाव उंडीचं.

"ही कुठे लावायची?" मी विचारलं.

"त्या ब्राझीलच्या झाडाच्या जागी. ते सोमवारी कापणार आहेत."

खाडीकाठच्या उंड्या बंगल्यांच्या कुंपणांनी कधीच खाल्ल्या. माझी वाडीही मीच विकली. माझ्याकडची उंडीची सगळी रोपं त्या एका झाडाच्या बियांची आहेत. सोमवारनंतर बिया मिळणार कुठून?

"मॅडम, ते कापू नका. ती उंडीच आहे."

"पाटीवर तर ब्राझील आहे."

"पाटी खोटी आहे. मीच सांगितलं होतं तसं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही नगरपालिकेला फसवलंत?"

"जास्वंदीच्या भावात ब्राझील मागितलं तर दुसरं काय मिळणार?" माझा आवाज चढला तसा कारकुनाने उठून दार लावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे शिक्षक बोलावले. त्यांनी पान उन्हात धरून बारीक शिरा पाहिल्या आणि अर्ध्या मिनिटात सांगितलं, उंडी. ते कॉलेज उद्यानाच्या समोरच आहे. इतक्या वर्षांत त्यांना रस्ता ओलांडायला कुणी सांगितलं नव्हतं.

झाड वाचलं. नवीन पाटीवर लिहिलंय की परदेशी समजली गेलेली ही उंडी उद्यान समितीने ओळखली. मी अविश्वासू ठरलो आणि रोपांचं काम दुसऱ्या रोपवाटिकेला गेलं. त्या गृहस्थाकडे उंडी नव्हतीच, त्यामुळे तो आठवड्याने माझ्या दारात आला. दोन दिवस घासाघीस झाली. मी ब्राझीलचाच भाव लावला आणि त्यातून काहीही सोडलं नाही.

लागवडीच्या दिवशी सहज म्हणून बघायला गेलो. खड्डे वीतभर उथळ होते. तोंडातून शिव्या निघाल्याच. मग माळ्याच्या हातातून पहार घेतली आणि सगळे खड्डे पुन्हा खणले.